चंद्राचे वर्ष आणि मृगाचा पाऊस

हिजरी वर्ष ३५४ दिवसांचे असते. सूर्याच्या वर्षापेक्षा ते साधारण ११ दिवसांनी लहान. म्हणून रमजान कधी वैशाखाच्या वणव्यात येतो, कधी श्रावणसरीत, तर कधी मार्गशीर्षाच्या थंडीत. ३३ वर्षांत तो सगळे ऋतू फिरून पुन्हा मूळ जागी येतो. इबादतीसाठी ही मोठी न्यायाची व्यवस्था आहे. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातल्या माणसाच्या वाट्याला कायमचे लांब आणि तापलेले रोजे येत नाहीत, आणि कायमचे आखूड व सोपेही येत नाहीत.

पण शेताचे काय? ज्वारी, बाजरी, भात चंद्राला विचारून उगवत नाहीत. मुहर्रम जानेवारीत आला म्हणून जानेवारीत पेरणी करता येत नाही. मग आपल्या देशात सहा-सातशे वर्षे ज्या राजवटींचे दफ्तर हिजरी सनावर चालत होते, त्यांनी शेतसाऱ्याचा हिशेब कसा ठेवला? हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. त्याचे उत्तर शोधायला गेले की हिंदुस्थानचा भूगोल, इथले हवामान, इथली माती आणि इथली भाषा, सगळेच समोर येऊन उभे राहते.

सुरुवात समुद्रापासून करू. अरबीत 'मौसिम' म्हणजे ठरलेली वेळ. हजचा मौसिम, बाजाराचा मौसिम, तसा गलबते हाकारण्याचा मौसिम. अरबी समुद्रावर वर्षाचे काही महिने वारा नैर्ऋत्येकडून हिंदुस्थानकडे वाहतो आणि काही महिने ईशान्येकडून उलट दिशेने. हे वेळापत्रक अरब, इराणी आणि गुजराती खलाशांना फार पूर्वीपासून पाठ होते. हाच शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून युरोपात गेला, तिथे त्याचा 'मान्सून' झाला आणि त्या वेषात तो परत आपल्याकडे आला. मराठीत मात्र त्याचे आधीचे रूप शाबूत आहे. आपण 'मोसम' म्हणतो, भूगोलाच्या पुस्तकात 'मोसमी वारे' शिकवतो.

या वाऱ्यांनी कोकणाला माणसेही दिली. प्रवासी आणि इतिहासकार अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, सैमूरला आले होते. सैमूर म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले चौल. तेव्हा या मुलखावर राष्ट्रकूटांचे राज्य होते. ओमान, सिराफ, बसरा, बगदाद अशा ठिकाणांहून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान तिथे राहत असल्याची नोंद त्यांनी केली आहे. या वस्तीचा व्यापार मोसमाच्या तालावर चाले. आगोटीच्या आधी गलबते बंदराला लागत आणि पाऊस ओसरेपर्यंत हलत नसत. इथे राहायचे तर पावसाचे वेळापत्रक पाळायचे, हा पहिला धडा किनाऱ्यावर मिळाला.

दुसरा धडा मैदानात मिळाला आणि तो लिहून ठेवणारा माणूस असामान्य होता. अबू रैहान अल-बिरुनी यांचा जन्म ९७३ मध्ये ख्वारिझमचा. महमूद गझनवीच्या काळात ते हिंदुस्थानात आले, संस्कृत शिकले, पंडितांसोबत बसले आणि १०३० च्या सुमारास त्यांनी 'किताबुल हिंद' पूर्ण केली. तलवारीच्या काळात लिहिलेल्या या ग्रंथात जमिनीकडे पाहण्याची त्यांची नजर थक्क करणारी आहे. त्यांनी पाहिले की डोंगराच्या पायथ्याशी, जिथे नदीला ओढ असते, तिथले गोटे मोठे असतात. खाली येता येता ते लहान होत जातात, आणि मुखाजवळ, जिथे पाणी संथ होते, तिथे उरते ती वाळू. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की उत्तरेचे हे सपाट मैदान एके काळी समुद्र असावे आणि नद्यांनी आणलेल्या गाळाने ते भरत गेले असावे. आजचा भूगोल हिमालयाच्या पायथ्याच्या खोलगट भागात नद्यांचा गाळ साचून हे मैदान बनले असे सांगतो. तपशील वेगळा, पण गाळाचे कोडे त्यांनी हजार वर्षांपूर्वी नुसते दगड पाहून सोडवत आणले होते.

पावसाबद्दलही त्यांनी असेच लिहिले आहे. 'वर्षाकाल' हा संस्कृत शब्द त्यांनी तसाच घेतला. मुलतानच्या लोकांनी त्यांना सांगितले की आमच्याकडे वर्षाकाल नाही, पण उत्तरेला डोंगराजवळच्या प्रांतांत आहे. याचे कारणही त्यांनी दिले. ढग डोंगरावर आदळतात, द्राक्षे किंवा ऑलिव्ह दाबल्यावर रस निघावा तसे पिळले जातात, पाणी तिथेच पडते आणि ढग पलीकडे जात नाहीत. म्हणून काश्मीरला वर्षाकाल नाही, बर्फ आहे.

सातारा जिल्ह्यातल्या मुलाला हे समजायला काश्मीरपर्यंत जावे लागत नाही. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५०० सेंटिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि सह्याद्रीच्या पूर्वेला माण तालुक्यात त्याचा साधारण दहावा हिस्सा. पर्जन्यछायेचा प्रदेश हा शब्द मुले पाठ करतात. पिळलेल्या द्राक्षांचे उदाहरण सांगितले की वर्गात तो एकदम समजतो, हा माझा अनुभव आहे.

पाचशे वर्षांनी बाबर आला. 'बाबरनामा'त १५२६ नंतरच्या भागात त्याने हिंदुस्थानचे जे वर्णन केले आहे, त्यातली तक्रार बहुतेकांना ठाऊक असते: ऊन फार, धूळ फार, बागांत वाहते पाणी नाही. त्या तक्रारीच्या आसपास त्याने जे टिपले आहे ते जास्त मोलाचे आहे. शरदातले पीक पावसाच्या पाण्यावर येते, आणि वसंतातले पीक तर पाऊस पडला नाही तरी येते, हे त्याला नवल वाटले. मध्य आशियातली शेती मुख्यतः पाटाच्या पाण्यावर चाले. विहिरीतून पाणी काढण्याच्या दोन रीतीही त्याने प्रदेशवार नोंदवल्या: लाहोर, दिपालपूर, सरहिंदकडे चाकावर गाडग्यांची माळ, म्हणजे आपले रहाटगाडगे, आणि आग्रा, बयाना भागात बैल, दोर आणि चामड्याची पखाल, म्हणजे आपली मोट. पावसाळ्यातली हवा त्याला आवडली, पण त्या ओलीने धनुष्ये निकामी होतात, चिलखते, पुस्तके, कापड सगळे खराब होते, हेही त्याने लिहिले.

शरदातले पीक म्हणजे खरीप आणि वसंतातले म्हणजे रब्बी. अरबीत 'खरीफ' म्हणजे शरद, 'रबी' म्हणजे वसंत. पीक निघते त्या ऋतूवरून ही नावे पडली. देशाचा वार्षिक सरासरी पाऊस साधारण ११५ ते १२० सेंटिमीटर आहे आणि त्यातला जवळपास तीन चतुर्थांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. खरीप या चार महिन्यांवर थेट उभा असतो. रब्बी त्या पावसाने जमिनीत ठेवलेल्या ओलीवर जगते. त्यासाठी माती तशी लागते, आणि दख्खनला ती मिळाली आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून इथला काळा खडक झाला, तो झिजून काळी माती झाली. ही माती पाणी धरून ठेवते. हस्ताचा पाऊस चांगला झाला की पुढे थेंब न पडताही शाळू आणि हरभरा पदरात पडतो. बाबराला जे नवल वाटले, ते आपल्या सोलापूर-बीडकडच्या शेतकऱ्याचे रोजचे गणित आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सारा पिकावर, पीक पावसावर, आणि सन मात्र चंद्रावर. समजा सरकारने दर हिजरी वर्षाला एकदा सारा घेतला. ३२ सौर वर्षांत शेतकऱ्याच्या घरात ३२ वर्षांची पिके येतील, पण त्याच काळात हिजरी वर्षे ३३ होतील. म्हणजे एका पिढीत एका वर्षाचा सारा फुकटचा द्यावा लागेल. त्याहून वाईट म्हणजे वसुलीची तारीख सरकत सरकत पीक उभे असताना, कधी पेरणीच्याही आधी येईल. हिंदू पंचांगात चंद्र आणि ऋतू यांचा मेळ घालायला अधिक महिना आहे. हिजरी गणनेत महिना वाढवण्याला मनाई आहे. त्यामुळे सणवार आणि हिशेब यांना दोन वेगळ्या वाटा देणे एवढाच मार्ग होता.

हा मार्ग हिंदुस्थानात पहिल्यांदा सापडला असे नाही. बगदादच्या अब्बासी खलिफांपुढे हाच पेच होता. खलिफा अल-मुअतझिद यांनी ८९५ मध्ये खराजवसुलीचे नवे वर्ष पुढे ढकलून ११ जूनला आणले, कारण आधीच्या तारखेला पीक तयार नसे. म्हणजे खुद्द खिलाफतीच्या राजधानीत रोजे चंद्रावर आणि खराज सूर्यावर चालत होता, आणि त्यात कोणाला दीनची हानी दिसली नव्हती.

दख्खनमध्ये याच गरजेतून 'शुहूर सन' आला. 'शहर' म्हणजे अरबीत महिना, त्याचे अनेकवचन 'शुहूर'. याची सुरुवात तुघलक काळात, १३४४ मध्ये झाली असे मानले जाते. आकडा हिजरीचा घेतला, पण वर्ष सुरू होणार सूर्य मृग नक्षत्रात शिरेल तेव्हा. म्हणून याला 'मृगसाल'ही म्हणत. नाव अरबी, आकडा हिजरी आणि वर्षारंभ मृगाचा! पावसाच्या देशात हिशेब करायचा तर पहिली तारीख पावसाचीच हवी, हे दौलताबादच्या कारकुनांना कळले होते.

पुढे बहामनी, निजामशाही, आदिलशाही आणि मग मराठ्यांच्या दफ्तरात हा सन चालत राहिला. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला, तरी शुहूर सनाचा वापर पेशवाईच्या अखेरपर्यंत कागदोपत्री दिसतो. मोडी कागदांत वर्षाचे आकडे अरबी शब्दांत लिहीत: आधी एकक, मग दशक, मग शतक, मग हजार. पानिपतचे युद्ध १४ जानेवारी १७६१ ला झाले. तेव्हा शुहूर सन ११६१ चालू होता, तो लिहायचा 'इहिदे सितैन मया व अलफ'. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. पुण्याच्या फडावरचा ब्राह्मण कारकून अरबी अंक मोडीत लिहीत होता, आणि ते मोजत होते मृगाचे पावसाळे.

उत्तरेत अकबराच्या काळात हाच प्रश्न पुन्हा सोडवला गेला. १५८४ मध्ये इलाही सन जारी झाला, तो सौर होता. त्याची आखणी करणारे विद्वान मीर फतहुल्ला शिराझी, आणि ते अकबराकडे येण्याआधी विजापूरच्या आदिलशाही दरबारात होते. चंद्राच्या वर्षाने सारा घेतला तर रयतेवर जुलूम होतो, हा हिशेब अकबराच्या दरबारानेच मांडला होता. याच काळात 'फसली' सन रुजला. फसल म्हणजे पीक, फसली म्हणजे पिकाचे वर्ष. पुढे शाहजहानच्या काळात फसली दख्खनमध्येही लागू झाला.

इथे एक लहानसा प्रयोग करून पाहा. कागद-पेन्सिल पुरेशी आहे. हिजरीचा आकडा घेऊन सूर्याच्या चालीने चालू केलेल्या सनात आणि इसवी सनात कायम एकच अंतर राहते. ते अंतर सन कधी जन्मला हे सांगते. शुहूर आणि इसवीत ५९९ चे अंतर आहे: १३४४ मधून हिजरी ७४५ वजा करा. उत्तरेच्या फसलीत ते ५९३: अकबर गादीवर आला ते १५५६, वजा हिजरी ९६३. दख्खनी फसलीत ५९०: १६३६ वजा हिजरी १०४६. (वर्षारंभ जानेवारीत नसल्याने काही महिने हा आकडा एकाने बदलतो.) आता शुहूर आणि हिजरी शेजारी ठेवा. १३४४ मध्ये दोघे ७४५ वर एकत्र निघाले. २०२४ च्या जुलैत हिजरी १४४६ लागले. शुहूर चालू असता तर तेव्हा १४२५ असता. एकवीस वर्षांचा फरक! शुहूर सन नसता आणि दर हिजरी वर्षाला सारा द्यावा लागला असता, तर १३४४ पासून आजवर एकवीस वर्षांचा जादा सारा शेतकऱ्याने भरला असता.

हे वाचून त्या राजवटी रयतेच्या फार कनवाळू होत्या असा समज करून घेऊ नये. साऱ्याचा बोजा जड होता, वसुली कठोर होती. १६३० ते १६३२ च्या दुष्काळात गुजरात आणि दख्खन उजाड झाले, तेव्हा पाऊस गेला होता आणि त्यातच मोगल फौजा दख्खनमध्ये लढत होत्या. शाहजहान तेव्हा बुऱ्हाणपुरात होता. अब्दुल हमीद लाहोरी यांनी लंगर उघडल्याची, साऱ्यात सूट दिल्याची आणि दर सोमवारी पाच हजार रुपये वाटल्याची नोंद केली आहे, आणि माणसांची जी दशा झाली तीही लपवलेली नाही. मरणाच्या त्या लोंढ्यापुढे ही मदत तोकडी होती. पण पीक बुडाले तर साऱ्याचा आग्रह सोडावा लागतो, एवढे तत्त्व कागदावर तरी होते.

पाण्याच्या बाबतीत दख्खनने आणखी एक पाऊल टाकले. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, पुढचे औरंगाबाद आणि आताचे छत्रपती संभाजीनगर. बेताच्या पावसाच्या त्या जागी वाहती नदी पुरणार नव्हती. उत्तरेच्या डोंगरात मुरलेले पाणी जमिनीखालच्या नहरीतून, हवेसाठी जागोजागी मनोरे ठेवून, शहरात आणले गेले. बुऱ्हाणपुरातही अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात अशीच भूमिगत व्यवस्था झाली. तंत्र इराणकडचे, पाणी सातमाळ्या-सातपुड्याचे. वाहत्या पाण्यावाचून हळहळणाऱ्या बाबराला हे उत्तर दख्खनने जमिनीखालून दिले.

पाऊस विसरून हिशेब ठेवला तर काय होते, याचेही उदाहरण आपल्याच मुलखात आहे. इंग्रजांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नवी जमाबंदी सुरू केली. सारा रोख, आणि तीस वर्षांसाठी एकदाच ठरवलेला. चांगले साल असो की वाईट, हप्त्याची तारीख तीच. कागदावर ही व्यवस्था नीटनेटकी होती. पण वाईट साली शेतकरी सावकाराच्या दारात उभा राहू लागला, १८७५ मध्ये पुणे-नगर भागात दंगे झाले आणि १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दक्षिण हिंदुस्थानात लाखो माणसे मेली, तीही देशातून धान्य परदेशी जात असताना. मदतकामावरच्या मजुराला दिवसाला जेमतेम साडेचारशे ग्रॅम धान्य आणि एक आणा एवढीच मजुरी ठरवण्याचा प्रकारही तेव्हाच झाला. पाऊस चुकला हे खरे. पण चुकलेल्या पावसाला वहीत जागाच ठेवलेली नव्हती, हेही तितकेच खरे.

आजचे पाहा. सरकारचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, पण महाराष्ट्राचे महसुली वर्ष अजून १ ऑगस्टला, भर पावसात सुरू होते. तलाठ्याच्या दफ्तरात खरीप, रब्बी, जिरायत, बागायत हे रकाने आहेत. 'जिराअत' म्हणजे अरबी-फारसीत नुसती शेती. मराठीत आल्यावर तिचा अर्थ आकसून फक्त पावसावरची शेती एवढा उरला. या एका शब्दाच्या प्रवासात आपल्या देशाचे हवामान सामावले आहे. जिल्हा, तालुका, मोसम, हंगाम, जमीन, हवा हे शब्द बाहेरून आले. मृग, हस्त, वाफसा, पेरणी, तरणा पाऊस, म्हातारा पाऊस हे इथले. सातबाऱ्यावर आणि बांधावर ते एकमेकांना खेटून बसले आहेत. शब्दांची झडती घेऊन कोण आपला, कोण परका हे ठरवण्याची हौस सध्या वाढली आहे. त्या हौसेने एकदा खरीप आणि मृग वेगळे करून दाखवावेत. दोन्ही एकाच पावसाने भिजलेले आहेत.

आपल्या मुलांनाही हे सांगायला हवे. आपला इतिहास म्हणजे फक्त बादशहा, किल्ले आणि मकबरे, असे त्यांना वाटत राहते. गोटे उचलून पाहणारे अल-बिरुनी, विजापूरहून अकबराच्या दरबारात गेलेले फतहुल्ला शिराझी, मृगाला वर्षारंभ मानणारे दख्खनचे नामाहीन कारकून हाही त्यांचा वारसा आहे. त्यांनी या जमिनीवर आपले पंचांग लादले नाही, तिचे पंचांग शिकून घेतले.

ते शिकणे अजून संपलेले नाही. हवामान खात्याने २०२० मध्ये पावसाच्या नेहमीच्या तारखा नव्याने ठरवल्या. वायव्य भारतातून मोसमी वारे परतायला लागण्याची तारीख पूर्वी १ सप्टेंबर होती, ती आता १७ सप्टेंबर झाली आहे. मृग नक्षत्रसुद्धा ऋतूंच्या मानाने सत्तरेक वर्षांत एका दिवसाने सरकते. म्हणजे कोणतीच वही कायमची बरोबर नसते. पाऊस सरकला की तारीख सरकवायची आणि पीक बुडाले की मागणी थांबवायची, हा या देशात राज्य चालवण्याचा जुना धडा आहे. पीकविम्याची मुदत, कर्जाचा हप्ता आणि आणेवारीची तारीख ठरवणाऱ्यांनी तो एकदा शुहूर सनाच्या कारकुनांकडून उजळून घ्यावा.